‘वय झालं’ म्हटल्याचा दंड

परवा गॅसची टाकी सरकवताना कमरेत लचक भरली आणि तोंडातून निघून गेलं, "वय झालं गं बाई आता!" बोलले आणि लगेच जीभ चावली. घरात दुसरं कुणी नव्हतं. तरी मुकाट्यानं आधण ठेवलं, दोन कप चहा केला आणि एक समोरच्या दारात नेऊन दिला. शेजारीण म्हणाली, "आज काय विशेष?" मी म्हटलं, "काही नाही, दंड भरतेय."

हा दंड गार्डमामांनी बसवलेला. मामांना जाऊन आता वर्ष होत आलं, पण त्यांचा कायदा आम्हा नांदेडच्या मंडळींत अजून लागू आहे. ‘वय झालं’, ‘आता काय राहिलंय’, ‘आपले दिवस गेले’ यातलं एक जरी वाक्य सुटलं, की हजर असतील तेवढ्यांना चहा पाजायचा. तोही स्वतःच्या हातानं करून, नाहीतर स्वतःच्या पायांनी टपरीपर्यंत जाऊन. पैसे दुसऱ्याच्या हाती पाठवलेले चालायचे नाहीत, आणि दंडाचा चहा कुणी नको म्हणायचा नाही की टाकायचा नाही. सकाळी घाटावर फिरायला येणाऱ्या आमच्या टोळक्यात निवृत्त तहसीलदार होते, दातांचे डॉक्टर होते, किराणा दुकानवाले होते. कुणालाही सूट नव्हती. मामींनासुद्धा नाही. एकदा त्या वैतागून म्हणाल्या, "यांच्या तरुण व्हायच्या नादात मी म्हातारी झाले!" मामांनी तिथल्या तिथं दंड ठोठावला. मामींनी पदर खोचून सगळ्यांना चहा पाजला आणि मामांच्या कपात मुद्दाम साखर घातली नाही.

मामांनी स्वतः हा दंड किती वेळा भरला? एकदाच. तीच गोष्ट सांगायला बसले आहे, पण त्याआधी माणूस नीट डोळ्यांपुढं यायला हवा.

नाव व्यंकटराव. मालगाडीचे गार्ड म्हणून निवृत्त झालेले, म्हणून सगळ्या गावाचे गार्डमामा. मी रेल्वेच्याच ऑफिसात कारकून, पण नोकरीत असताना आमची गाठ कधी पडली नव्हती. ती पडली गोदावरीच्या काठावर. माझी साखर वाढायला लागली होती आणि डॉक्टरांनी रोज चालायला बजावलं होतं. पहिल्याच सकाळी मी पाय ओढत चालले होते, तर समोरून एक सुकलेल्या अंगाचा, काळासावळा म्हातारा झपाझपा येताना दिसला. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, डोक्याला हिरवी दस्ती बांधलेली आणि तोंडानं सारखं "कबड्डी कबड्डी कबड्डी कबड्डी". मी घाबरून बाजूला झाले. विजेच्या खांबाजवळ पोहोचून त्यानं आवाज थांबवला, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले आणि भात्यासारखी छाती वरखाली करत उभा राहिला. श्वास जागेवर आल्यावर माझ्याकडं बघून हसला.

"भिऊ नका ताई. येडा न्हाई मी. वय मोजून राहिलो."

वय मोजायची ही मामांची तऱ्हा. घाटावर एक जुना कडुलिंब आहे. तिथं उभं राहून छाती भरून श्वास घ्यायचा आणि ‘कबड्डी’ म्हणत चालू लागायचं. जिथं दम तुटेल तिथं आपलं वय. लिंबाच्या पुढं विजेचा खांब आणि त्याच्याही बऱ्याच पुढं रसवंती. तरणे असताना मामा एका दमात रसवंती गाठून तिथली घुंगरं वाजवून यायचे म्हणे. पुढं नोकरी लागली. रात्रपाळ्या, वेळी-अवेळी खाणं, गालात तंबाखूची गोळी. निवृत्तीनंतर पहिल्या सकाळी लिंबापासून निघाले तर लिंबाच्या सावलीतच दम तुटला.

"ताई, त्या दिशी मला कळलं की कागदावरचं वय सरकारचं असतंय," ते म्हणाले. "दमाचं वय आपलं. सरकारनं मला साठाला सोडलं, पण मी तर नव्वदीचा होऊन बसलो होतो की!"

त्या दिवशी त्यांनी तंबाखूची पुडी नदीकाठच्या कचराकुंडीत टाकली आणि सावलीतून बाहेर पडायला सुरुवात केली. माझी ओळख झाली तेव्हा खांबापर्यंत आले होते. रसवंती अजून लांब होती. पण ती गाठायचीच, असं ते रोज नव्या जोरानं सांगायचे. पोरगं सहलीला निघाल्यासारखा चेहरा व्हायचा त्यांचा. ऐकणाऱ्याच्याही पायांत बळ यायचं. माझ्या आलं म्हणून सांगते.

मामा स्वतःच्या शरीराशी बोलायचे. डाव्या गुडघ्याचं नाव त्यांनी ‘मनमाड’ ठेवलं होतं आणि उजव्याचं ‘काचीगुडा’. मधोमध आपण नांदेड. "आज मनमाड जरा लेट हाय," असं ते घाटाच्या पायऱ्या उतरताना जाहीर करायचे. थंडीत काचीगुडा कुरकुरला की त्याला करडीचं तेल कोमट करून चोळायचे आणि समजूत घालायचे, "चल बाबा, तुह्याबिगर गाडी निघत न्हाई." दातांच्या डॉक्टरांनी एकदा विचारलं, "मामा, गुडघे बदलायची वेळ आली तर?" मामा म्हणाले, "आली तर बदलू की. डॉक्टरचं काम डॉक्टरनं करावं. पण आधी माहं काम मी करतो." बीपीची गोळी ते घड्याळ लावून घ्यायचे. मुळ्या-जडीबुटीच्या नावाखाली गोळी सोडणाऱ्यांवर त्यांचा भारी राग होता.

जमिनीवर बसायचं आणि हात न टेकता उठायचं, हा त्यांचा दुसरा हट्ट. घरात खुर्च्या पाहुण्यांसाठी. स्वतः जेवायला, पेपर वाचायला, भाजी निवडायला खालीच. "म्हातारपण आधी केसात येतंय असं लोकांना वाटतंय. न्हाई. आधी मांडीत येतंय. मांडी वाळली की माणूस खुर्चीला चिकटला, अन् खुर्चीला चिकटला की खाटंला." आणि वाकायचं. वाकण्यासाठी त्यांनी फार सोपी युक्ती काढली होती. आपल्यापेक्षा वर्षा-सहा महिन्यांनी का होईना मोठा असेल, त्याच्या पाया पडायचं. रोज. भर रस्त्यात. सत्तरी ओलांडलेला माणूस समोर आला की मामांची पहिली चौकशी, "तुमचा जन्म कोणत्या सालचा?" तो बिचारा सांगून मोकळा होईपर्यंत मामा त्याच्या पायांशी. तो गडबडून "अरे उठा, उठा" म्हणत दोन्ही खांदे धरून त्यांना उचलायचा. मामा उभे राहून हसायचे, "त्याला आशीर्वाद द्यायचं पुण्य, मला कमरेचा व्यायाम. दोघांचं बी काम झालं."

संध्याकाळचं जेवण दिवस मावळायच्या आत. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी नाहीतर वरण, वर करडीच्या तेलाची धार, आणि पोटात थोडी जागा शिल्लक असतानाच हात धुवायचे. दिवेलागणीनंतर थोड्या वेळानं मामा आडवे. उभा जन्म रात्री जागून काढला, आता झोपेचं मागलं सगळं वसूल करतोय म्हणायचे. लग्नाच्या पंगती उशिरा बसायला लागल्यापासून त्यांनी लग्नाला जाऊन नुसत्या अक्षता टाकून परत यायची पद्धत पाडली होती. यजमान रुसायचे. मामा दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी हजर होऊन उरलेले लाडू मागायचे, आणि खायचेसुद्धा. लाडवाशी त्यांचं वैर नव्हतं.

एकदा घाटावर चूर्ण विकणारा आला. टाय लावलेला, हातात चकचकीत डबे. हे घेतलं की माणूस दहा वर्षांनी तरुण होतो, पेशी नव्या होतात, सुरकुत्या जातात, असं बरंच काही. तहसीलदारसाहेबांचा हात खिशाकडं गेलासुद्धा. मामा पुढं आले आणि अगदी आदरानं म्हणाले, "साहेब, तुमी सोता घेता का हे चूर्ण?" तो म्हणाला, "रोज." मामा म्हणाले, "मंग जरा हितं मांडी घालून बसा अन् हात न टेकता उठा." तो चाळिशीतला गडी बसला खरा, पण उठताना आधी एक हात, मग दोन्ही हात, मग कुशीवर. टाय जमिनीला लागला. आमची सगळ्यांची हसून पुरेवाट झाली. मामा मात्र हसले नाहीत. त्यांनी त्याला हात दिला, घरी नेलं आणि भाकरी खाऊ घातली. संध्याकाळी मामी सांगत होत्या की तो डबे ओसरीवर ठेवून मामांकडून उठबस शिकत होता. पुढं महिनाभर तो आमच्याबरोबर चालायला यायचा.

पण सगळं असंच चढत्या भाजणीत गेलं, असं नाही. एका हिवाळ्यात मामांना खोकला झाला आणि छातीत बसला. बरे होऊन घाटावर आले तेव्हा गालफडं बसली होती. लिंबाखाली उभे राहिले, श्वास घेतला, "कबड्डी" म्हणाले आणि चार पावलांत खोकल्याची उबळ आली. मामा लिंबाच्या पारावर बसले, दस्तीनं तोंड पुसलं आणि म्हणाले, "गाडी शेवटच्या टेशनावर जाणारच हाय. तिला कोण अडवतंय? पण मधल्याच टेशनावर कामून उतरायचं?" दुसऱ्या दिवशी पुन्हा लिंबापासून सुरू. उन्हाळा लागता लागता गडी पुन्हा खांबाला हात लावून आला आणि आम्ही घाटावर टाळ्या पिटल्या. त्या सकाळचा त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. शर्टाची बटणं उघडी, छाती धापा टाकतेय, हात गुडघ्यांवर, आणि डोळ्यांत पाणी.

आता आमच्या अप्पांकडं, माझ्या वडिलांकडं येते, कारण मामांची खरी चढाई तिथं झाली.

माझं माहेर लातूरचं. अप्पांची तिथं आडत. करडी, तूर, सोयाबीन. भल्या पहाटे अंघोळ, डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा, मग दुकान. पंचाहत्तरी गाठेपर्यंत त्यात खंड नव्हता. पोत्याचं तोंड पकडून एका झटक्यात पोतं उभं करणारा माणूस. आमची अव्वा, म्हणजे आई, गेली आणि अप्पा खाटेवर बसले. बसले ते बसलेच. दुखणं म्हणावं तर काही नव्हतं, सगळ्या तपासण्या झाल्या. दुकान भावानं, बसवराजनं, सांभाळलं. पूजा खाटेवर, जेवण खाटेवर. हळूहळू बसणंही कमी झालं आणि ते आडवे राहू लागले. मांड्यांवर कातडी लोंबायला लागली. लातूरला गेले की मी म्हणायची, "अप्पा, अंगणापर्यंत तरी चला." ते म्हणायचे, "कशाला? माझं वय झालं आता, मंगल. मला पडू दे." डॉक्टरांनी बसवराजला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं की हे असेच पडून राहिले तर हिवाळा निघायचा नाही. औषध एकच, उठवा. पण उठवायचं कसं?

एका सकाळी घाटावर मी हे सांगता सांगता रडले. मामा लिंबापाशी गेले. खांबापर्यंत जाऊन आले आणि धापा टाकतच म्हणाले, "तुमचे अप्पा कबड्डी खेळायचे का हो तरणेपणी?"

"बाजारातल्या तालमीकडून खेळायचे. पकड चांगली होती म्हणतात."

"बस्स!" मामांनी मांडीवर थाप मारली. "लातूरला जायचं!"

आणि मग आठवडाभर आमच्या टोळक्यात जो धुमाकूळ उडाला तो काय सांगू! साठीच्या पुढच्यांचा कबड्डीचा सामना, नांदेड विरुद्ध लातूर. मामांनी बसवराजला फोन करून बाजारातले म्हातारे गोळा करायला लावले. आमच्याकडं तहसीलदार, डॉक्टर, किराणावाले, सगळे अर्ध्या चड्ड्या शिवायला टाकून आले. नियम मामांनी ठरवले. पळापळ नाही, अंगावर उडी नाही, लोळण नाही. गड्याला नुसतं धरायचं आणि त्याचा दम तुटेपर्यंत सोडायचं नाही. घाटावर सराव सुरू झाला. डॉक्टर पकड करताना आधी "लागणार नाही ना?" असं विचारायचे आणि मामा कपाळाला हात लावायचे. सुना खिडकीतून बघून हसायच्या. मीही सगळ्यांना पाणी देत उभी असायची, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच लातूरला जायचं या विचारानं मला आनंद होत होता.

सामन्याच्या आदल्या दिवशी दुपारी मंडळी लातूरला पोहोचली. मामा आमच्या घरी उतरले. सरळ अप्पांच्या खाटेजवळ गेले. "तुमचा जन्म कोणत्या सालचा?" अप्पांनी सांगितलं. मामा लगेच वाकून पाया पडले. अप्पांनी पडल्या पडल्याच हात जरासा हलवला. त्यांना उठवायला त्यांचे खांदे धरणं वगैरे काही नाही. मामा खाली जमिनीवर बसले.

"अप्पा, उद्या म्याच हाय. बगायला यायचं बरं का."

"मी कुटं येतंव बाबा. माझं वय झालं."

"झाला दंड!" मामा टुणकन उठले, अर्थात हात न टेकता. "मंगलताई, सांगा कायदा."

मी कायदा सांगितला. अप्पांनी उशीखालून नोट काढली आणि बसवराजपुढं धरली. "जा, पाज चहा ह्यास्नी."

"तसं न्हाई चालत," मामा म्हणाले. "दंड आपल्या पायानं टपरीवर जाऊन भरायचा. उधार ठेवतो. पर सोडणार न्हाई, सांगून ठेवतो."

अप्पा भिंतीकडं तोंड करून झोपले. मामांनी माझ्याकडं बघून डोळे मिचकावले, पण मला काही हसू आलं नाही.

सकाळी शाळेचं मैदान माणसांनी फुललं. बाजार बंद होता, त्यामुळं आडते, हमाल, मिलवाले झाडून सगळे आले होते. शिकवणीची पोरं मोबाइल उगारून उभी. बसवराजनं अप्पांना जवळजवळ उचलूनच गाडीत घातलं होतं आणि मैदानाच्या कडेला खुर्चीत बसवलं होतं. शाल पांघरून, डोळे अर्धे मिटून. पंच म्हणून एक निवृत्त क्रीडाशिक्षक. आणि ऐनवेळी लातूरचा सातवा गडी फिरकलाच नाही, बायकोनं घराबाहेर पडू दिलं नाही म्हणे. मामा खुर्चीपाशी आले.

"अप्पा, एक गडी कमी हाय तुमच्याकडं. नुसतं उभं ऱ्हावा."

"मला काय धरता येतंय आता?"

"धरू नका. कोण म्हणतंय धरा? उभं ऱ्हायाला काय लागतंय?"

तेवढ्यात बाजारातले हमाल ओरडायला लागले, "अप्पा! अप्पा! अप्पा!" अप्पांनी इकडंतिकडं पाहिलं. मग शाल काढली, घड्याळ काढून माझ्या हातात दिलं, धोतराचा काचा मारला आणि बसवराजच्या खांद्याला धरून मैदानात गेले. मागच्या कोपऱ्यात उभे राहिले. पाय थरथरत होते.

सामना म्हणजे नुसता गोंधळ! आमचे तहसीलदार चढाईला गेले, अप्पांच्या समोर आले, सवयीनं "नमस्कार अप्पा" म्हणाले आणि दम तुटून बाद झाले. डॉक्टरांनी लातूरच्या एका मिलवाल्याला धरलं, तो कण्हला, तर डॉक्टरांनी "लागलं का हो?" म्हणून सोडूनच दिला. किराणावाले मात्र तुफान. एकाच चढाईत तिघांना शिवून आले. पोरांनी शिट्ट्या मारून मैदान डोक्यावर घेतलं. अप्पांना मात्र नांदेडचा एकही गडी हात लावायला तयार नाही. वडीलधारा माणूस, शिवायचं कसं? सगळे त्यांना वळसा घालून जायचे. अप्पा एका जागी उभे होते ते हळूहळू गड्याबरोबर वळायला लागले. एकदा दोन पावलं पुढंसुद्धा टाकली. मी बसवराजचा हात घट्ट धरून ठेवला होता.

शेवटी गुण सारखे झाले, वेळ संपत आली आणि लातूरकडं उरले एकटे अप्पा. बाकी सगळे बाद. नांदेडची शेवटची चढाई, आणि चढाईला गार्डमामा.

मामांनी मधल्या रेषेला हात लावून कपाळाला लावला, छाती भरून घेतली आणि निघाले, "कबड्डी कबड्डी कबड्डी कबड्डी". डावीकडून गेले, अप्पा डावीकडं वळले. उजवीकडून गेले, अप्पा उजवीकडं. चवड्यांवर उभे होते आमचे अप्पा! डोळे पूर्ण उघडे! ‘कबड्डी’ तेवढं ऐकू येत होतं. मामा अगदी समोर गेले आणि, आता याला सवय म्हणा नाहीतर आणखी काही, वाकून अप्पांच्या पाया पडले.

पाय शिवले म्हणजे गडी शिवला. आता उठून रेषेपर्यंत आलं की नांदेड जिंकलं. लोक हसायला लागले. पण अप्पांचे दोन्ही हात, आपलेआप, पुढं आले. "अरे, उठा, उठा!" म्हणत त्यांनी मामांना खांद्यांना धरून वर ओढलं आणि छातीशी धरलं. वडील माणसानं दुसरं काय करायचं असतं?

बसवराज किंचाळला, "सोडू नका अप्पा! सोडू नका!"

तेव्हा अप्पांच्या लक्षात आलं आपण काय केलंय ते. आणि मग त्यांनी जी मिठी आवळली! पोतं उभं करणारे हात होते ते. त्यांच्या छातीत तोंड दाबलेल्या मामांचं ‘कबड्डी’ ऐकू येत होतं, मग बारीक झालं, मग थांबलं. शिट्टी वाजली. पंचांनी हात वर केला. गडी बाद!

मैदानात जो काय कल्ला झाला! हमालांनी पटके उडवले. अप्पा मामांना सोडायलाच तयार नव्हते. "धरला! धरला मी ह्याला! बसू, बगितलास का? मी धरला!" अप्पांचा असा आवाज मी अव्वा गेल्यापासून ऐकला नव्हता. मी रडत होते आणि हसत होते. मामा मिठीतून मान वर काढून म्हणाले, "धरला तर धरला, पर तुमचा दंड राहिलाय कालचा." अप्पा कुणाचाही खांदा न धरता चालत निघाले, मैदानाच्या फाटकाबाहेरच्या टपरीपर्यंत. वाटेत दोनदा थांबले. टपरीवाल्याला म्हणाले, "दोनी गावच्या म्हाताऱ्यास्नी चहा दे." मग जरा थांबून, "म्हातारे नको म्हणू. गड्यास्नी दे."

सगळे चहा पीत होते तेव्हा मी मामांकडं बघत होते. ते कडेला उभे राहून अप्पांना पाहत होते. घाटावर दम तुटल्यावर त्यांची छाती कशी भात्यासारखी हलते, हात कसे गुडघ्यांवर जातात, ते मला चांगलं ठाऊक होतं. आत्ता छाती शांत होती. हात पाठीमागं बांधलेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांना बसवून द्यायला मी बसस्थानकावर गेले. मी लातूरला आणखी काही दिवस राहणार होते, कारण घरातून निघताना अप्पांनी बसवराजला विचारलं होतं, "दुकानाची माझी चप्पल कुटं ठिवलीस?" बाकीची मंडळी रात्रीच गेली होती. बस लागायला वेळ होता. मला राहवेना.

"मामा, खरं सांगा. काल दम खरंच संपला होता? तुम्ही तर लिंबापासून खांबापर्यंत जाता."

मामांनी दस्ती काढून चेहरा पुसला. नांदेडची बस कुठून येते ते बघत राहिले. मग म्हणाले,

"वय झालं आता, ताई."

त्यांच्या तोंडून ते शब्द मी कधी ऐकले नव्हते, पुढंही कधी ऐकले नाहीत. मी काही बोलायच्या आत ते वळले, ताठ कमरेनं समोरच्या टपरीवर गेले, दोन चहा सांगितले, खिशात हात घालून पैसे दिले आणि एक कप माझ्या हातात आणून ठेवला.

"घ्या. कायदा म्हंजे कायदा."

त्यांनी आपला चहा दोन घोटांत संपवला आणि बस लागताच पिशवी उचलून दांडी न धरता चढले. गार्डच ते, शेवटच्या खिडकीत बसले. त्यानंतरही मामा मला घाटावर पुष्कळदा भेटले. रसवंती त्यांची राहिली ती राहिलीच. थोडक्या आजारात गेले तेव्हा अप्पा लातूरहून स्वतः आले होते, बसनं. पण मामा म्हटलं की मला ती खिडकीच दिसते. बस सुटली, तशी त्यांनी डोक्याची हिरवी दस्ती सोडली आणि खिडकीबाहेर हात काढून ती हलवत राहिले, गाडी सुटताना जन्मभर हिरवी झेंडी हलवली तशी. बस वळणाआड गेली. माझ्या हातातला चहा निवून गेला होता. तो मी तिथंच उभी राहून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.